मेंदूचे विज्ञान आणि घोटीचा दवाखाना

घोटी हे इगतपुरी तालुक्यातले भाताचे आणि बाजाराचे गाव. मुंबई–आग्रा महामार्ग गावाला लागून जातो, मध्य रेल्वेचे स्टेशन आहे, समृद्धी महामार्ग जवळून गेला आहे आणि धामणगावला वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय उभे आहे. नाशिक तासाभरावर, मुंबई सकाळी जाऊन रात्री परतता येईल इतकी जवळ. घोटीला कोणी दुर्गम म्हणणार नाही. तरीही पंचक्रोशीतल्या एखाद्या वाडीवर पासष्टीच्या शेतकऱ्याचा हात थरथरू लागला, पावले आखूड पडू लागली, आवाज बसला, तर घरातून, शेजारून आणि पुष्कळदा दवाखान्यातूनही पहिले उत्तर मिळते ते 'वय झालं' हेच. आजी चुलीवर दूध ठेवून विसरू लागली, ओळखीच्या वाटेवर चुकू लागली, तरी तेच उत्तर. जेम्स पार्किन्सनने लंडनमध्ये कंपवाताचे वर्णन छापून प्रसिद्ध केले ते १८१७ साली. म्हातारपण वेगळे आणि हा आजार वेगळा, हे वैद्यकाला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. हे ज्ञान महामार्गावरच्या गावातही का उतरत नाही, हा प्रश्न सेवासुविधांचा म्हणून बाजूला ठेवला जातो. माझ्या मते तो संशोधनाचाच प्रश्न आहे, आणि महाराष्ट्रातल्या मेंदूविज्ञानापुढचा सगळ्यांत मोठा प्रश्न आहे.

आधी आजारांबद्दल थोडे. मेंदूतल्या किंवा मज्जारज्जूतल्या विशिष्ट पेशी हळूहळू मरत जातात आणि पुन्हा तयार होत नाहीत, अशा आजारांचा हा गट आहे. पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी जातात. अल्झायमरमध्ये स्मरणशक्तीशी निगडित भागापासून झीज सुरू होते. अॅटॅक्सियाच्या आनुवंशिक प्रकारांत लहान मेंदूची झीज होऊन तोल जातो. बहुतेक आजारांत कुठले ना कुठले प्रथिन आपला आकार सोडून चुकीची घडी घेते आणि साचत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन होता. भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने दिला. त्याच अभ्यासाप्रमाणे हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे, आणि २०३६ पर्यंत रुग्णांची संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल. म्हणजे हा श्रीमंत शहरी म्हातारपणाचा आजार आहे ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. त्याचा मोठा भार घोटीसारख्या गावांवर आणि त्यांच्या वाड्या-पाड्यांवर आहे.

मुंबईने काय शिकवले

महाराष्ट्राने या विषयाला दिलेली सर्वांत मोलाची देणगी कुठल्याही यंत्रातून आलेली नाही. नोशीर वाडिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचे काम करीत होते. तोल जाणाऱ्या, अडखळत बोलणाऱ्या काही रुग्णांत त्यांना एक वेगळी गोष्ट दिसली. निरोगी माणूस एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे पाहतो तेव्हा डोळे क्षणार्धात झेप घेतात. या रुग्णांचे डोळे मात्र संथपणे सरकत होते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी रुग्ण मान झटकन वळवत होते. वाडियांनी या रुग्णांच्या नातेवाइकांचा माग काढला, पिढ्यान्‌पिढ्यांचे तक्ते मांडले, आणि १९७१ मध्ये स्वामी या सहकाऱ्यासोबत 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आनुवंशिक अॅटॅक्सियाचा हा एक निराळा प्रकार आहे, असे त्यांनी मांडले. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, जगातल्या तीन वेगवेगळ्या गटांनी आनुवंशिक अॅटॅक्सियाच्या एससीए-२ या प्रकाराचे जनुक शोधले. त्यात सीएजी या तीन अक्षरांची आवर्तने प्रमाणाबाहेर वाढलेली असतात. १९९८ मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांत ते जनुक आणि डोळ्यांची ती संथ हालचाल यांचा मेळ दाखवून दिला. आज रक्ताच्या थेंबातून हे जनुक तपासता येते. पण कोणाचे रक्त तपासायचे, हे अजूनही ठरते ते डॉक्टरने दोन बोटे समोर धरून 'इकडे पाहा, आता तिकडे पाहा' असे म्हटल्यावर. त्या तपासणीला वीज लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागतो तो तयार डोळा आणि पाच मिनिटांचा निवांतपणा.

दुसरा धडा मोजणीचा. १९८८ मध्ये नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत पार्किन्सनचे प्रमाण किती, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक प्रश्नावली घेऊन घरोघर जायचे, ज्यांच्या उत्तरांतून शंका येईल त्यांची न्यूरॉलॉजिस्टने तपासणी करायची, अशी दोन पायऱ्यांची पद्धत होती. १४,०१० माणसांत ४६ जणांना पार्किन्सन आढळला, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. त्यानंतर काही वर्षांनी काश्मीरच्या ग्रामीण खोऱ्यात केलेल्या पाहणीत हेच प्रमाण लाखामागे अवघे १४ निघाले. या तफावतीचा एक मोठा भाग वयाचा आहे, कारण पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण फार मोठे आणि खोऱ्यात तरुणांचे. काही भाग अनुवंशाचा किंवा पर्यावरणाचा असू शकेल. पण असल्या आकड्यांवरून 'आपल्या खेड्यांत हा आजार फारसा नसतोच' असा निष्कर्ष काढण्याची घाई आपल्याकडे पुष्कळदा झाली आहे. जिथे मोजणी होते तिथे आजार दिसतो, जिथे होत नाही तिथे तो 'वय झालं' या दोन शब्दांत गडप होतो. पारशी समाजाची मोजणी होऊ शकली, कारण तो समाज वसाहतींत एकत्र राहत होता, त्याच्या संस्था बळकट होत्या आणि अभ्यासक त्याच्याजवळचे होते. इगतपुरी तालुक्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांची अशी मोजणी करायची तर ती सोय मुद्दाम उभी करावी लागेल.

कुहिलीची कसोटी

तिसरा धडा तर सह्याद्रीच्या रानातूनच आलेला आहे. पावसाळ्यानंतर झुडपांवर चढणारी, मखमली शेंगांची खाजकुहिली गुराख्यांना चांगली ओळखीची. शेंगेवरच्या लवेचा स्पर्श झाला की अंगाची आग होते, म्हणून तिला टाळून चालतात. आयुर्वेदात तिला कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता म्हणतात. १९३७ मध्ये मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे काढले. त्या वेळी त्याचा उपयोग काय, हे कोणाला माहीत नव्हते. १९५७ नंतर आर्व्हिड कार्लसनच्या कामातून मेंदूतल्या डोपामिनचे महत्त्व उलगडले, पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत ते कमी पडते हे ऑस्ट्रियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, आणि १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडाने मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देऊन अंथरुणाला खिळलेले रुग्ण हिंडते केले. मग मुंबईतले डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुहिलीच्या बियांचे चूर्ण पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन पाहिले आणि १९७८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या लेखाच्या लेखकांत नोशीर वाडिया यांचेही नाव आहे. डोळ्यांची संथ चाल टिपणारा न्यूरॉलॉजिस्ट आणि आयुर्वेदाकडे आस्थेने पाहणारा औषधशास्त्रज्ञ एका प्रश्नावर एकत्र आले, ही आपल्याकडच्या विज्ञानाची अभिमानास्पद घटना आहे. पुढे १९९५ मध्ये एचपी-२०० या प्रमाणित चूर्णाचा ६० रुग्णांवर बारा आठवड्यांचा बहुकेंद्री अभ्यासही झाला आणि रुग्णांच्या लक्षणांत सुधारणा दिसली.

इथे एक आक्षेप हमखास येतो. औषध जर आपल्या रानात उगवते, तर गोळ्यांच्या आणि न्यूरॉलॉजिस्टच्या मागे कशाला लागायचे? या आक्षेपाला मान देऊन उत्तर दिले पाहिजे, कारण त्यामागे परवडण्याचा खरा प्रश्न आहे. कुहिलीत औषध आहे, याबद्दल वाद नाही. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात कुहिलीचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. २०१७ मध्ये रोबेर्तो चिलिया आणि सहकाऱ्यांनी १८ रुग्णांवर केलेल्या काटेकोर चाचणीत एकेका मात्रेचा परिणाम गोळीच्या तोडीचा निघाला. पण त्याच गटाने पुढच्या वर्षी १४ रुग्णांना सोळा आठवडे रोज कुहिली दिली, तेव्हा निम्म्या, म्हणजे सात रुग्णांना पोटाच्या त्रासामुळे किंवा हालचाल आणखी बिघडल्यामुळे ती सोडावी लागली. कारण समजण्यासारखे आहे. बियांत लेव्होडोपाचे प्रमाण साधारण ३ ते ६ टक्के असते आणि ते वाणाप्रमाणे, जमिनीप्रमाणे बदलते. शिवाय गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असते. ते लेव्होडोपाला मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही, म्हणून कमी मात्रेत काम भागते आणि मळमळ कमी होते. नुसत्या चूर्णात हा जोडीदार नाही. म्हणून रानातली बी कुटून अंदाजाने घेणे धोक्याचे आहे. लेव्होडोपा–कार्बिडोपाच्या जेनेरिक गोळ्या भारतात बनतात, त्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत आणि या आजारांवरच्या कुठल्याही नव्या उपचाराच्या मानाने अतिशय स्वस्त आहेत. घोटीतल्या रुग्णाची अडचण गोळीच्या किमतीच्या आधी सुरू होते. ही गोळी आपल्याला लागते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

प्रयोगशाळा किती पुढे गेली

आजच्या प्रयोगशाळांत जे चालले आहे ते थक्क करणारे आहे. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत अल्फा-सायन्यूक्लिन नावाचे प्रथिन साचते. ते विरघळलेल्या अवस्थेतून घट्ट तंतूंत कसे जाते, या कोड्यावर आयआयटी मुंबईतले समीर माजी आणि त्यांचे विद्यार्थी काम करीत आले आहेत. २०२० मध्ये 'नेचर केमिस्ट्री'त त्यांनी दाखवले की हे प्रथिन आधी द्रवाच्या इवल्या थेंबांत गोळा होते, ते थेंब काळाबरोबर घट्ट होत जातात आणि त्यांतून तंतू तयार होतात. म्हणजे औषधाने नेमके कुठल्या टप्प्यावर अडवायचे, याचा एक नवा धागा मुंबईतून मिळाला. याच प्रथिनावर आधारलेली निदानाची चाचणीही आता आहे. चुकीची घडी घेतलेले थोडेसे प्रथिन चांगल्या प्रथिनात पडले की विरजणासारखे सगळ्याला आपल्या वळणावर नेते. रुग्णाच्या पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात असे विरजण आहे का, हे ही चाचणी पाहते. २०२३ मध्ये ११२३ जणांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तिने पार्किन्सनच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांना अचूक ओळखले. अल्झायमरसाठी पी-टाऊ-२१७ या प्रथिनावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. उपचारांतही हालचाल आहे. लेकॅनेमॅब या औषधाला तिथे २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये परवानगी मिळाली. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन ही औषधे खरोखर काढून टाकतात.

पण या यशाचे माप नीट घेतले पाहिजे. लेकॅनेमॅबच्या चाचणीत १७९५ रुग्ण होते. दीड वर्षानंतर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात अठरा गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा फरक पडला. चाचणीत औषध दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागले, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी वारंवार एमआरआय काढावा लागतो, आणि अमेरिकेत त्याची सुरुवातीची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. हे औषध निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. अनेक दशकांच्या अपयशानंतर उघडलेला तो दरवाजा आहे आणि पुढची औषधे त्यातूनच येतील. पण घोटीच्या रुग्णापुढे आज जे प्रश्न आहेत ते वेगळे आहेत. त्याला खरोखर कुठला आजार आहे? तो बरा होण्यासारखा आहे का? नसेल तर कोणत्या साध्या उपायाने त्याचे दिवस सुसह्य होतील? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची साधने तयार करणे, तपासणे आणि सुधारणे हेही तितकेच खरे विज्ञान आहे. ते मागे पडले, कारण त्याला चमक कमी आहे.

या साधनांचा उपयोग किती मोठा, याचा एक आकडा बोलका आहे. २०१६ मध्ये 'न्यूरॉलॉजी' नियतकालिकात आलेल्या एका आढाव्याने पार्किन्सनचे निदान किती अचूक ठरते हे तपासले. हालचालींच्या विकारांच्या तज्ज्ञांचे पहिल्या तपासणीतले निदान सुमारे ८० टक्के वेळा बरोबर निघाले, आणि असे तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांचे सुमारे ७४ टक्के. म्हणजे महागड्या तज्ज्ञाच्या आणि साध्या डॉक्टरच्या नजरेत अंतर आहे, पण ते शिकवून बुजवता येण्याजोगे आहे. हालचालींतली मंदता, तिच्या जोडीला स्नायूंची ताठरता किंवा विश्रांतीच्या वेळची थरथर, वास न येणे, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे, जुनी बद्धकोष्ठता, ही चिन्हे विचारून आणि पाहून कळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळीच थरथर पार्किन्सनची नसते. चक्करीसाठी दिलेली सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, अॅसिडिटीच्या गोळ्यांत मिसळलेली लेव्होसल्पिराइड, यांतल्या कुठल्याही औषधाने हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणे येतात आणि औषध वेळीच थांबवले तर बहुतेकदा ती जातात. स्मृतिभ्रंशासारखे दिसणारे काही आजारही उलटतात: बी-१२ ची कमतरता, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, पडल्यानंतर कवटीत साठलेले रक्त, खोल नैराश्य. घोटीतल्या डॉक्टरने एवढे जरी ओळखले तरी काही माणसे अक्षरशः परत मिळतील. यातल्या एकाही गोष्टीसाठी मुंबईपर्यंत जावे लागत नाही.

मोजपट्टी कोणाच्या मापाची

निदान गावात यायचे असेल तर मोजपट्टीही गावाची हवी. स्मरणशक्तीच्या रूढ चाचण्या शाळा शिकलेल्या माणसासाठी बनलेल्या आहेत. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, वाक्य लिहा, दोन पंचकोन काढा. आयुष्यभर लावणी-कापणी केलेल्या, कधी पेन न धरलेल्या बाईला यात कमी गुण मिळाले तर तिला स्मृतिभ्रंश आहे, असे म्हणता येत नाही. उलट, चाचणी सोपी केली आणि घरच्यांनी 'ती सगळं करते' असे सांगितले तर खरा आजारही सुटून जातो. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न प्रामाणिकपणे हाताळला. वाचून 'डोळे मिटा' ही आज्ञा पाळण्याऐवजी तपासनीस जसे करील तसे करायचे, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचे, असे बदल करून त्यांनी हिंदी चाचणी बांधली. सुमारे तीन-चतुर्थांश निरक्षर असलेल्या त्या लोकसंख्येत ६५ वर्षांपुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण त्यांना १.३६ टक्के आढळले, जगातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक. पुढे देशव्यापी अभ्यासात वेगळ्या पद्धतीने साठीपुढे ७.४ टक्के निघाले. आयुर्मान वाढले, वयोगट निराळे, आणि मोजपट्टीही बदलली. तिन्हींचा वाटा यात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे स्मृतिपरीक्षणाचा जो संच तयार केला तो पहिल्यांदा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत पारखला गेला. मराठी त्या पाचांत नव्हती. बारा कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या राज्याला हे शोभत नाही, आणि हा दोष दिल्लीवर ढकलून चालणार नाही. मराठीत, त्यातही इगतपुरीच्या बोलीत, निरक्षर आजीला कुठले प्रश्न विचारायचे, हे मराठी संशोधकांनीच शोधायचे आहे.

रक्तचाचण्यांनाही हेच लागू पडते. पी-टाऊ-२१७ ची पातळी मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात वाढते, लठ्ठपणात कमी दिसू शकते. मधुमेह आणि त्यातून येणारे मूत्रपिंडाचे विकार आपल्याकडे भरपूर. मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या लोकांवर ठरवलेली सीमारेषा आपल्या माणसांवर जशीच्या तशी लावली तर काहींच्या माथी नसलेला आजार मारला जाईल. म्हणून ही चाचणी इथे येण्याआधी इथल्या ग्रामीण वृद्धांवर तिची पारख व्हायला हवी, आणि ती पारख प्रयोगशाळेत बसून होणार नाही.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की आजार बराच होत नसेल, तर निदान करून काय साधणार? नुसती चिंता वाढेल. या आक्षेपातली माणुसकी मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. पार्किन्सनची झीज लेव्होडोपाने थांबत नाही हे खरे, पण ते अनेक वर्षे माणसाला चालते, जेवते, बोलते ठेवते. स्मृतिभ्रंशात निदान झाले की घरच्यांचा राग ओसरतो, कारण आजी 'मुद्दाम' करीत नाही हे कळते. जमिनीचे, बँकेचे व्यवहार वेळीच मार्गी लावता येतात, पडणे टाळता येते. आनुवंशिक अॅटॅक्सियात तर पुढच्या पिढीला लग्न आणि मुलांबद्दल समजून निर्णय घेता येतो. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये मांडले की स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येण्याजोग्या चौदा कारणांशी जोडलेली आहेत. त्यांत बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दृष्टी जाणे, एकाकीपण ही सगळी कारणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातली आहेत. रुग्ण एकटा पडू नये म्हणून काय करता येते, हे पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाने आणि मुंबईच्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने वर्षानुवर्षे दाखवले आहे. पण मित्रमंडळात येण्यासाठी आपल्याला काय झाले आहे हे आधी कळावे लागते.

दुसरा आक्षेप अग्रक्रमाचा. कुपोषण, क्षयरोग, सर्पदंश, बाळंतपणातले मृत्यू हे प्रश्न आदिवासी तालुक्यात उभे असताना म्हाताऱ्यांच्या मेंदूवर पैसा का घालवायचा? प्रश्न रास्त आहे, आणि या आजारांसाठी वेगळी इमारत, वेगळा विभाग मागितला असता तर मीही विरोध केला असता. पण इथे नवे फार थोडे लागते. आशा कार्यकर्ती घरोघर भरून घेते त्या आरोग्य-तपासणीच्या यादीत साठीपुढच्यांसाठी उभे राहताना-चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का, असे प्रश्न आधीच आहेत. पहिली चाळणी तयार आहे. तिच्यातून गळून खाली आलेल्या माणसाला पुढे कोण तपासणार, याचेच उत्तर नाही. शिवाय अशा रुग्णाची काळजी घेण्यासाठी घरातली सून, मुलगी किंवा बायको मजुरी सोडते. ते नुकसान कुठल्याच सरकारी खात्यावर दिसत नसले तरी ते त्याच गरीब घराचे नुकसान असते.

तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांकडून येतो: खरे संशोधन मोठ्या संस्थांतच होते, तालुका फार तर नमुने पुरवील. शेजारच्या कर्नाटकाने या समजुतीला उत्तर दिले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्याचे काम २०१८ पासून हाती घेतले आहे. निरोगी माणसात आजार कसा सुरू होतो हे त्यातून कळणार आहे. निम्हान्स या मन आणि मेंदूच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेच्या साह्याने २०२२ मध्ये त्या राज्याने प्राथमिक आणि जिल्हा पातळीवरच्या डॉक्टरांना मेंदूच्या आजारांसाठी तयार करण्याची मोहीमही सुरू केली. काही प्रश्नांची उत्तरे तर फक्त शेतीच्या तालुक्यातच मिळू शकतात. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांवरच्या २०११ च्या अभ्यासात पॅराक्वाट या तणनाशकाशी संबंध आलेल्यांत पार्किन्सनचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकांमुळे होणाऱ्या पार्किन्सनला शेतकऱ्यांचा व्यावसायिक आजार म्हणून मान्यता दिली. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे होत नाही. पण भात, टोमॅटो आणि द्राक्षाच्या नाशिक जिल्ह्यात कोण काय फवारते, किती वर्षे, कुठल्या संरक्षणाविना, याची नोंद नसेल तर हा प्रश्न आपल्याकडे कधीच सुटणार नाही.

काय करता येईल

म्हणून मागणी नेमकी आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे, आणि राज्यातली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांचा पाठपुरावा करायचा, ही योजना आता अभ्यासक्रमाचाच भाग आहे. विद्यापीठाने ठरवले तर इगतपुरी तालुक्यात भरुचांची ती दोन पायऱ्यांची पद्धत पुन्हा उभी राहू शकते. आशा कार्यकर्तीच्या यादीत मंद हालचाल आणि थरथर यांवर स्पष्ट प्रश्न असावेत. शंका आलेल्यांना विद्यार्थ्यांनी घरी जाऊन भेटावे, घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी करावी, चाल आणि डोळ्यांची हालचाल पाहावी. तरीही शंका उरलेल्यांसाठी महिन्यातून एकदा घोटीच्या दवाखान्यात न्यूरॉलॉजिस्ट प्रत्यक्ष किंवा पडद्यावर यावा. बी-१२, थायरॉइडची तपासणी आणि लेव्होडोपा–कार्बिडोपाची गोळी तिथेच मिळावी. मराठीत निरक्षरांसाठी पारखलेली स्मृतिचाचणी याच कामातून घडावी. एमडी आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रबंधासाठी विषय लागतात, त्यांतले काही इथले असावेत. रक्ताचे नमुने घेतले तर ते समजून दिलेल्या संमतीनेच, आणि निष्कर्ष सर्वप्रथम त्या वाडीला सांगूनच. आदिवासींच्या रक्तावर अभ्यास व्हायचे आणि त्यांना त्यातले काहीच कळायचे नाही, ही जुनी रीत मोडली पाहिजे.

आयआयटीतल्या थेंबांचा अभ्यास चालूच राहिला पाहिजे, नव्या औषधांवरचा खर्च वाढला पाहिजे, यात शंका नाही. पण उद्या झीज थांबवणारे औषध खरोखर आले, तर ते देण्यासाठी आजाराच्या पहिल्या पायरीवरचा माणूस सापडावा लागेल. आज घोटीत तो सापडत नाही, कारण त्याला कोणी शोधत नाही. तो शोध सुरू करणे औषध येण्याआधीही शक्य आहे, स्वस्त आहे आणि आजच्या आज उपयोगी आहे. विद्यापीठाचे कुलगुरू, राज्याचा आरोग्य विभाग आणि परिसरातली वैद्यकीय महाविद्यालये यांनी एका तालुक्यापासून सुरुवात करावी. आणि वाचकांना एवढीच विनंती: या दिवाळीला गावी गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्याचा हात थरथरताना, पाऊल अडखळताना किंवा नाव विसरताना दिसले, तर 'वय झालं' म्हणून गप्प बसू नका. ते घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या आणि त्यांना डॉक्टरकडे न्या.